ओळख आणि वशिला

नोकरीचा विषय निघाला की आमच्या दांडिया बाजारात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. वडील मंडळी म्हणतात, "वशिल्यावाचून काही होत नाही." तरुण मंडळी म्हणतात, "अर्ज केले आहेत, पाहू." पहिल्या वाक्यात निराशा आहे व दुसऱ्यात आळस आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला वशिला नाही त्याने हातपायच हलवू नयेत, हा पहिल्याचा अर्थ होतो. आणि मोबाईलवर बोट दाबून पन्नास ठिकाणी एकच बायोडाटा धाडला की आपले कर्तव्य संपले, हा दुसऱ्याचा. या दोहोंच्या मधून एक वाट जाते आणि ती बडोद्याला मुळीच नवी नाही. विद्यालयाचा उंबरठा ओलांडण्याच्या बेतात असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांसमोर, आणि त्यांच्याहून अधिक चिंतेत असलेल्या त्यांच्या पालकांसमोर, त्या वाटेविषयी चार गोष्टी मांडाव्यात असे आम्हांला वाटते.

प्रथम शब्दांचा घोळ मिटविला पाहिजे. आपण ओळख आणि वशिला हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो, आणि सारा गोंधळ तेथूनच सुरू होतो. वशिला म्हणजे अधिकाऱ्याच्या कानाशी लागून दुसऱ्याचा हक्क आपल्या पदरात पाडून घेणे. ओळखीचे काम याहून फार साधे आहे. कोठे जागा रिकामी आहे, तेथे कोणते काम करावे लागते, कोणत्या महिन्यात माणसे घेतात, अर्ज कोणाच्या नावे करावा, एवढी बातमी ओळखीतून मिळते. आणि फार तर "मुलगा मेहनती आहे, मी त्याला पाहिले आहे" असा एक शब्द मिळतो. वशिल्याने लायकी नसलेला आत जातो. ओळखीने लायक माणूस दारापर्यंत पोचतो, आत जाणे त्याच्या गुणांवर राहते. पहिली गोष्ट लाजिरवाणी आहे यात शंका नाही. पण तिच्या भयाने दुसरीही टाकून देणे म्हणजे ढेकणांच्या त्रासाने घर जाळण्यासारखे आहे.

बडोद्याचा इतिहासच पाहा ना. या नगरीतील सर्वांत गाजलेली मुलाखत १८७५ साली झाली. मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर महाराणी जमनाबाईंना दत्तक मुलगा हवा होता, आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून गायकवाड घराण्याच्या शाखेतील तीन मुले आणली गेली. येथे कशासाठी आलास, असे विचारताच बारा वर्षांच्या गोपाळने "राज्य करण्यासाठी" असे उत्तर दिले, अशी आख्यायिका आहे. तो गोपाळ म्हणजेच तिसरे सयाजीराव महाराज. आता हा मुलगा कवळाण्यात आहे ही वार्ता राजवाड्यापर्यंत कोणीतरी पोचविली असेलच. पण उत्तर मात्र त्याचे स्वतःचे होते.

याच महाराजांच्या कारकिर्दीत कोकणातून, पुण्याकडून, नाशिककडून माणसे बडोद्यास आली. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली महाराजांच्या नोकरीत आले. विनोदी लेखक चिं. वि. जोशी येथील महाविद्यालयात अध्यापन करीत होते व पुढे संस्थानच्या दप्तराकडे होते. दांडिया बाजारातील कितीतरी कुटुंबांचे मूळ शोधले तर ते एखाद्या चुलत्याच्या किंवा मेहुण्याच्या पोस्टकार्डापाशी जाऊन थांबते. "इकडे जागा निघाली आहे, लगेच निघून ये" एवढाच त्यात मजकूर. त्या पोस्टकार्डावर आपली तीन तीन पिढ्यांची घरे उभी आहेत. तेव्हा ओळखीला नाके मुरडण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

परंतु सर्वांत बोधक उदाहरण आपल्याच वस्तीतील आहे. दांडिया बाजारातील 'श्री अरविंद निवास' या वास्तूवरून आपण रोज येतो-जातो. योगी अरविंद घोष बडोद्यास कसे आले, हे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. इंग्लंडात ते भारतीय सनदी सेवेची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले होते, पण घोडेस्वारीच्या कसोटीस उपस्थित न राहिल्याने ती नोकरी गेली. हाती पैसा नव्हता. त्यांच्या वडिलांचे स्नेही सर हेन्री कॉटन हे बडे अधिकारी होते खरे. पण बडोद्याची गाठ त्यांनी घालून दिली नाही. गाठ घालून दिली ती हेन्रींचे बंधू जेम्स कॉटन यांनी. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन लिबरल क्लबाचे ते चिटणीस होते आणि अरविंदांचे थोरले बंधू बिनयभूषण तेथे त्यांच्या हाताखाली काम करीत. सयाजीराव महाराज त्या सुमारास लंडनमध्येच होते. जेम्स कॉटन यांनी भेट घडवून आणली आणि दरमहा २०० रुपयांवर अरविंदांची नेमणूक झाली. फेब्रुवारी १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात परतले व बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. १९०६ पर्यंत ते येथे होते. महसुलाच्या कचेरीपासून महाविद्यालयाच्या उपप्राचार्यपदापर्यंत त्यांनी कामे केली.

यातील खुबी विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी. वडिलांचा मोठा, मातब्बर स्नेही येथे उपयोगी पडला नाही. उपयोगी पडला तो भावाच्या कामाच्या ठिकाणचा परिचय. बंगालमधील एक कुटुंब, लंडनमधील एक क्लब आणि गुजरातेतील एक संस्थान यांचा परस्परांशी काय संबंध? ज्या माणसाचा पाय दोन निरनिराळ्या वर्तुळांत होता, त्याने तो संबंध जोडला.

ही केवळ योगायोगाची गोष्ट नव्हे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या लोकांना गाठून, ही नोकरी तुम्हांला कळली कशी, असा साधा प्रश्न विचारला. त्याचा निबंध १९७३ साली व पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिकांना, म्हणजे ५६ टक्क्यांना, नोकरीची वार्ता कोणा ना कोणा परिचितांकडून मिळाली होती. यात नवल काहीच नाही. नवल पुढे आहे. या परिचिताची नि तुमची भेट किती वेळा होत असे, असे विचारता, वारंवार भेट होत असे म्हणणारे निघाले अवघे १६.७ टक्के; अधूनमधून म्हणणारे ५५.६ टक्के; आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही क्वचित म्हणणारे २७.८ टक्के. म्हणजे जिवलगांपेक्षा लांबचे ओळखीचेच अधिक कामास आले! कारण शोधू गेल्यास सोपे आहे. आपले जिवलग जेथे बसतात तेथेच आपण बसतो; जे त्यांना ठाऊक असते ते आपल्याला आधीच ठाऊक असते. दूरचा परिचित वेगळ्या ओट्यावर बसतो, म्हणून त्याच्याजवळची बातमी नवी असते. अलीकडे, २०२२ साली, 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील पाच वर्षांच्या प्रयोगांचा वृत्तांत आला आहे. त्यातही नोकरी मिळवून देण्यात फार घट्ट नव्हे व अगदीच तुटपुंजीही नव्हे, अशी मधली सैलसर ओळख सर्वांत पुढे होती. कागदी पोस्टकार्ड गेले, इंटरनेट आले. माणसाच्या संबंधांचा हा स्वभाव काही बदललेला दिसत नाही.

आता हे माप आपल्या वस्तीला लावून पाहू. दांडिया बाजारचे वर्तुळ घट्ट आहे. गणेशोत्सवात तीच मंडळी, हळदीकुंकवाला तीच मंडळी, लग्नमुंजीत तीच आणि व्हॉट्सॲपच्या चौदा गटांतही तीच. यात प्रेम फार आहे, आणि संकटाच्या वेळी हे प्रेम धावून येते, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. पण बातमीच्या दृष्टीने पाहिले तर हे डबके झाले आहे. गेल्या वर्षी आमच्या एका माजी विद्यार्थ्याला एका जागेची एकच जाहिरात सात नातेवाइकांकडून आली. तिची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली होती. त्या मुलाला शिकाऊ उमेदवाराची जागा पुढे मिळाली ती दुचाकी दुरुस्त करणाऱ्या गुजराती गृहस्थाच्या भाच्याकडून कळली, ज्याची नि याची भेट उभ्या आयुष्यात दोनदाच झाली होती.

याला इतिहासाचेही एक कारण आहे. जोवर संस्थान होते तोवर मराठी माणसाची ओळख आणि नोकरीची जागा एकाच आवारात होती. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य अस्तित्वात आले. त्यानंतरची नोकरी राजवाड्याभोवती राहिली नाही. १९६२ साली गुजरात स्टेट फर्टिलायझर्स स्थापन झाली, १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, १९६९ साली आय.पी.सी.एल. निघाली, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लहानमोठे कारखाने उभे राहिले. नोकऱ्या गावाच्या वेशीबाहेर गेल्या आणि आमच्या ओळखी मात्र सूरसागराच्या काठी बसून राहिल्या. "गुजरातेत मराठी माणसाला कोण विचारतो" ही तक्रार आम्ही पुष्कळ ऐकली आहे. आम्ही उलट विचारतो, मराठी माणूस कोणाकोणाला विचारण्यास गेला? मकरपुऱ्यात कारखान्यांच्या फाटकांवर टर्नर, फिटर, वेल्डर 'जोइए छे' अशा पाट्या लागलेल्या असतात. त्या जागा कोणत्याही संकेतस्थळावर येत नाहीत. त्या पाहण्यास सायकलवरून एक फेरी मारावी लागते आणि चांगले गुजराती बोलावे लागते. आमच्या मुलांना ते बोलता येते. तोंड उघडण्याचा संकोच तेवढा आडवा येतो.

मग इंटरनेटचा उपयोग काय? उपयोग मोठाच आहे, परंतु तो कोणत्या कामी, हे समजून घेतले पाहिजे. सरकारी नोकरीत ओळखीचा संबंध नसावा म्हणूनच सर्व व्यवहार आता उघड संकेतस्थळांवर होतो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पूर्वी यासाठी रोजगार कचेऱ्या होत्या. १९४५ साली लढाईवरून परतलेल्या सैनिकांसाठी त्या निघाल्या आणि नंतर सर्वांना खुल्या झाल्या. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा तेथे कळविणे भाग पडले. पण कचेरीने पाठविलेला माणूस घेतलाच पाहिजे असे बंधन त्यात नव्हते. त्यामुळे नाव नोंदवून वर्षानुवर्षे कार्डाचे नूतनीकरण करीत बसलेली एक पिढी आम्ही पाहिली आहे. आज गुजरात शासनाच्या भरतीचे अर्ज 'ओजस' या संकेतस्थळावरून होतात, केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ पासून आहे, राज्याचे 'अनुबंधम्' २०२१ पासून आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील जागांचीही नोंदणी ऑनलाइन होते. आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे की रेल्वे भरती मंडळांच्या संगणकावरील परीक्षा मराठीतून देता येतात, आणि कर्मचारी निवड आयोगाने २०२३ साली आपल्या बहुउद्देशीय कर्मचारी पदाच्या परीक्षेसाठी मराठीसह तेरा प्रादेशिक भाषा खुल्या केल्या. मराठी माध्यमात शिकलो म्हणून दारे बंद, असे समजून हताश होणाऱ्यांपैकी किती जणांना ही बातमी पोचली होती?

खाजगी नोकरीत मात्र संकेतस्थळावरचा अर्ज हा प्रयत्नाचा आरंभ समजावा. एकेका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो व त्यांतील बरेचसे कोणी उघडूनही पाहत नाही. म्हणून ज्या कारखान्यात वा कचेरीत अर्ज करावयाचा, तेथे काम करणारा कोणी माणूस शोधावा. लिंक्डइनवर शोधावा, माजी विद्यार्थ्यांत शोधावा, शेजाऱ्याच्या शेजाऱ्यात शोधावा. आणि त्याला लिहावे कसे? "काका, मला नोकरी लावून द्या" असे लिहिल्यास काका दुसऱ्या दिवसापासून रस्ता बदलतात, आणि त्यांचेही काही चुकत नाही. ज्याला आपण ओळखत नाही त्याची हमी कोण घेणार? त्याऐवजी लिहावे, "आपण अमुक कारखान्यात देखभाल विभागात आहात असे कळले. मी आय.टी.आय.मधून इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पुरा केला आहे. तेथे शिकाऊ उमेदवार कोणत्या सुमारास घेतात आणि त्यांना काय आलेले हवे असते, एवढे कृपा करून सांगाल काय?" या प्रश्नाचे उत्तर देण्यास कोणाचे काही खर्च होत नाही, उलट विचारले गेल्याचे समाधानच वाटते. उत्तर आल्यावर आभाराच्या दोन ओळी लिहाव्यात व पुढे काय झाले तेही कळवावे. हा शेवटचा भाग आमची मुले हटकून विसरतात.

येथे ठकांविषयी लिहिणे भाग आहे. रेल्वेत, बँकेत, विमानतळावर नेमणूक झाल्याची बनावट पत्रे मोबाईलवर येतात, त्यांवर शिक्काही असतो, आणि 'नोंदणी'साठी वा 'गणवेशा'साठी ताबडतोब रक्कम मागितली जाते. परीक्षेचे शुल्क असते, पण ते जाहिरातीत छापलेले असते व अधिकृत संकेतस्थळावर भरावयाचे असते. नेमणुकीसाठी जो पैसे मागतो तो ठक, मग तो कितीही गोड बोलो. ओळखीने तर हा धोका वाढतोही, कारण असले पत्र आपल्याच आत्याने किंवा मावशीने मोठ्या प्रेमाने पुढे पाठविलेले असते.

हे सर्व लिहीत असताना एक शंका आम्हांला सोडीत नाही. ज्याच्या घरी कोणाचीच ओळख नाही त्याने काय करावे? ओळखीचा महिमा गाणे हे ज्यांना ती जन्मतःच मिळाली त्यांना सोपे आहे. याही प्रश्नाचे उदाहरण याच शहरात घडले. भीमराव आंबेडकर हे मुंबईत शिकत असता चर्नी रोडच्या बागेत वाचावयास जात. तेथे त्यांच्याकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे लक्ष गेले. केळुसकर ना नात्याचे, ना जातीचे. त्यांनी सयाजीरावांकडे शब्द टाकला व महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बागेतल्या परिचयाने एवढे घडविले. पण १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास आले तेव्हा काय झाले? नेमणूक होती, पदव्या होत्या, महाराजांचा आश्रय होता. राहावयास खोली मात्र कोणी देईना. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले, तेथून अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शहरात दोन मित्र होते, त्यांच्याही घरी जागा झाली नाही. कामाठीबागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंतचा काळ काढला व ते मुंबईस परतले. जी जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते ती आपल्या विद्यालयापासून फार दूर नाही. नोकरीची बातमी मिळणे वेगळे आणि ती नोकरी करता येण्याजोगे गाव मिळणे वेगळे, हे तेथे गेल्यावर कळते. ओळख देणाऱ्यांचे वर्तुळ जातीपाशी व आडनावापाशी थांबत असेल, तर त्या ओळखीला आम्ही वशिल्याचीच धाकटी बहीण म्हणू.

म्हणून केळुसकरांनी केले ते काम आता एखाद्या थोर शिक्षकाच्या नजरेवर सोपवून चालणार नाही. विद्यालयाने ते स्वतःच्या अंगावर घ्यावे, अशी आमची सूचना आहे. विद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची एक नोंदवही करावी: कोणत्या वर्षी शाळा सोडली, आज कोठे व कोणते काम करतो, आणि वर्षातून चार मुलांच्या प्रश्नांना उत्तर देण्यास तयार आहे की नाही. ज्याने नकार दिला त्याला छळू नये. वही कचेरीत खुली असावी, तिची प्रत संगणकावर असावी, मात्र फोन क्रमांक कचेरीनेच सांभाळावेत व विचारणारा मुलगा कोणत्या कामासाठी विचारतो हे पाहून द्यावेत. तिच्यातून शिफारसपत्र मिळणार नाही, केवळ माहिती मिळेल, हे पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहावे. शिपायाच्या मुलाला आणि डॉक्टरांच्या मुलीला ती सारखीच उघडली जावी. सोबत फलकावर दर सोमवारी चालू जाहिराती लावाव्यात व मुदत संपलेली जाहिरात त्याच दिवशी काढून टाकावी. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे, असा आमचा अनुभव आहे.

खर्च म्हणाल तर एका जाड वहीचा आणि आठवड्यातील एका तासाचा. बारावीची दोन मुले आणि एक शिक्षक यांना तो तास नेमून दिला तर येत्या जूनपासून आरंभ करता येईल. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या हाती हा अंक पडेल, त्यांनी आपली नोंद त्यापूर्वीच कचेरीकडे पाठवून द्यावी. विशेषतः जे रिफायनरीत, रेल्वेत, रुग्णालयांत वा मकरपुऱ्याच्या लहान कारखान्यांत आहेत त्यांनी. बँकेतील मंडळींची नावे आमच्याजवळ पुष्कळ आहेत.